सात नाण्यांची ओळख परेड

ती सकाळ डोक्यातून जात नाही. स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक तेवढा विसरलो. बाकी सगळं, बाईंच्या चष्म्याला बांधलेल्या काळ्या दोऱ्यासकट, अजून समोर उभं राहतं. खातं सोडून मला तीन वर्षं झाली. गुडघ्यानं दगा दिला म्हणून ऐच्छिक निवृत्ती घेतली. आता वय चोपन्न, आवाज शाबूत, आणि ऐकायला माणूस सापडला की मी त्याला सोडत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण खून-दरोडे मी सांगत नाही. ते वर्तमानपत्रांनी सांगून झालेत. मी सांगतो ती सात पितळी नाण्यांची केस. त्या सातांची मिळून बाजारातली किंमत तेव्हा दोन प्लेट मिसळीपेक्षा जास्त नव्हती.

मी कसबा पेठेतल्या एका चौकीचा अधिकारी होतो. सकाळची हजेरी झालेली, पहिला चहा आलेला, आणि मी त्यात खारी बुडवतोय तेवढ्यात दारात एक बाई उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरी सुती साडी, पाठ ताठ. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेलं होतं, हे त्यांनी सांगायच्या आधीच मी खारी खाली ठेवली यावरून ओळखा. त्यांच्या मागे त्यांचे धाकटे बंधू होते. साठीचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, खिशाला शाईचं पेन.

बाई खुर्चीवर बसल्या, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं घड्याळ चार मिनिटं मागं आहे. चोर पुढं का जातात ते कळलं."

पुण्यात माणूस चौकीत आला की आधी सूचना देतो, मग तक्रार. मी म्हणालो, "बाई, आपली तक्रार सांगा, घड्याळाचंही बघतो."

तक्रार अशी. बाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर समुद्रापार गेले होते. परत आले तेव्हा ट्रंकेतून सात नाणी घेऊन आले, मधोमध चौकोनी भोक असलेली. जपानची, असं घरात सगळे म्हणत. वडील पंचावन्न साली तापानं गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. पत्रं नव्हती. पदकं आईनं वाईट दिवसांत विकली. राहिली ती एवढी नाणी. ती बाईंच्या कपाटात, पावडरच्या रिकाम्या डब्यात असत. आठवड्यापूर्वी डबा उघडला, तर आत फक्त कापूस.

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि हा. मी लग्न केलं नाही. याचं मोडलं."

"ताई, हे त्यांनी विचारलं नव्हतं," बंधू हळूच म्हणाले.

"विचारणारच होते."

विचारणारच होतो. आणखी कोण येतं विचारलं, तर महिन्यापूर्वी स्वयंपाकघर रंगवायला एक रंगारी येऊन गेला होता. माझ्या हवालदारानं लगेच वहीत रंगारी लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. आमच्याकडे रंगाऱ्यांचं नशीब असंच असतं.

बाईंचा हात थरथरत होता, म्हणून तक्रार अर्ज बंधूंनी लिहिला. काय अक्षर होतं. मोत्याचे दाणे म्हणतात ते. मी खाली सही-शिक्का दिला आणि सवयीनं पुन्हा एकदा वाचला. एका ओळीवर माझी नजर अडखळली. 'सदर नाणी जपान देशाची असल्याचे अर्जदार यांचे म्हणणे आहे.' बाकी सगळीकडे थेट लिहिलेलं होतं: डबा होता, नाणी होती, डबा रिकामा आढळला. इथंच फक्त 'म्हणणे आहे'. मला गंमत वाटली. कारकुनी सवय असेल म्हणून मी अर्ज फायलीत लावला.

रीतीप्रमाणे घरातल्या चोरीचा गुन्हा तिथल्या तिथं दाखल व्हायला हवा होता. मी तो अर्ज चौकशीवर ठेवला. का, ते आज नीट सांगता येत नाही. वरिष्ठांनी विचारलं असतं तर रंगाऱ्याचं नाव पुढं केलं असतं.

चोरीला गेलेल्या वस्तूंची यादी आम्ही बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फिरवायचो. तिथं पत्र्याच्या ट्रंकांपासून राजेमहाराजांच्या तलवारींपर्यंत सगळं मिळतं. तलवारी बहुतेक आदल्या आठवड्यात घडवलेल्या असतात. रविवारी हवालदार परत आला तो मिशीत हसत.

"साहेब, रंगारी खोडा. नाणेवाल्या काकांकडं माल आहे."

हे नाणेवाले काका जमिनीवर मेणकापड अंथरून बसत. जाड भिंग, त्याहून जाड वही, आणि कुणीही आलं तरी बूड न हलवण्याची ख्याती. दुपारी मी स्वतः गेलो. त्यांनी लपवाछपवी केली नाही.

"आला होता एक गृहस्थ. शाईचं पेन खिशाला. सात नग कागदात बांधून आणले. आता असं बघा साहेब, विकायला येणारा माणूस पहिल्यांदा काय विचारतो?"

"भाव."

"यानं भाव विचारलाच नाही. म्हणाला, यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवता का? मी म्हणालो, सहा गुळगुळीत आहेत, त्यावर काय वाचू, आपलं कपाळ? एकावर अक्षरं आहेत. पण घाईत सांगणार नाही, वही बघावी लागेल. एवढं मात्र बघताक्षणी सांगतो, जपानचं नाही. तर तो माणूस इथंच, या दगडावर बसला. पंधरा मिनिटं उठला नाही. मग म्हणाला, ठेवून घ्या, वाचा, मी सवडीनं येऊन विचारतो."

'असल्याचे अर्जदार यांचे म्हणणे आहे.' मला बाजाराच्या मधोमध हसू फुटलं. चोरी केली, बहिणीच्या शेजारी बसून चोरीचा अर्जही लिहिला. पण जे खरं नाही हे कळलं होतं, ते सरकारी कागदावर स्वतःच्या अक्षरात खरं म्हणून लिहायला त्या कारकुनाचा हात धजावला नाही. मी पुष्कळ चोर पाहिले. इतका नेटका नाही पाहिला.

दुसऱ्या दिवशी एक सही राहिली असा निरोप देऊन मी बंधूंना एकट्यांना बोलावलं. चहा मागवला. चौकशीचं एक तंत्र सांगतो. दरडावण्यानं माणूस खोटं बोलायला लागतो, कारण त्याला निदान काम मिळतं. चहा पुढे ठेवला आणि आपण गप्प बसलो की त्याच्याकडे काही काम राहत नाही.

अर्धा कप झाल्यावर मी विचारलं, "नाणी जपानची का?"

"ताईचं तसं म्हणणं आहे."

"आणि तुमचं?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "माझं म्हणणं आमच्या घरात कोणी विचारलेलं नाही, साहेब. तुम्ही पहिले." मग खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं. "मी नेली. कलम कोणतं लागतं ते लिहा."

"लिहितो. आधी का ते सांगा."

"वडील गेले आणि चार महिन्यांनी मी जन्मलो. ताई तेव्हा नऊ वर्षांची. तिनं त्यांना पाहिलंय, त्यांच्या खांद्यावर बसलीय, त्यांच्या हातचं खाल्लंय. मी लहानपणापासून विचारतोय, ताई, बाबा कसे दिसायचे? कसे बोलायचे? ती काय म्हणते माहितीये? तू नव्हतास, तुला नाही कळायचं. साठ वर्षं तेच उत्तर. साहेब, नव्हतो हा माझा गुन्हा आहे का? ती सांगत नाही तर म्हटलं नाण्यांना विचारू. त्यांवर काहीतरी लिहिलेलं आहे ना. वडील कुठं होते एवढं तरी कळेल. मी एक दिवस तिथला नकाशा तरी बघेन."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. हवालदार दारात उभा होता, त्यानंही बाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

खरी अडचण पुढंच होती, बाईंना सांगणं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्या, स्वच्छ पुसलेली फरशी, टेबलावर बुद्धाची लहान मूर्ती आणि एक मेणबत्ती. मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत.

"गुन्हा नोंदवा," म्हणाल्या.

"बाई, सख्खा भाऊ आहे. पेन्शन आहे. तुमची सही झाली की उद्यापासून तो आरोपी."

"बाहेरच्यानं नेली असती तर पितळ गेलं असतं. यानं नेली. मी त्याला वाढवलं, शिकवलं, याच्या फीसाठी शिकवण्या घेतल्या. आणि यानं माझ्या बाबांना कागदात गुंडाळून बाजारात नेऊन ठेवलं." मग म्हणाल्या, "आधी मला माझी नाणी बघू द्या. ओळखली की सही करते."

माझ्या बाबांना. मी तेव्हा तो शब्द ऐकला आणि सोडून दिला. अधिकाऱ्यानं असं करू नये.

आता नाण्यांचं असं झालं होतं की नाणेवाल्या काकांनी ती सातही नाणी आपल्या तसल्याच नाण्यांच्या बरणीत टाकली होती. "मला आठवतील," ते म्हणाले, "पण माझ्या आठवणीवर तुम्ही पावती कशी लिहिणार?" बरोबर होतं. तेव्हा ठरलं, रीतसर ओळख परेड. माणसांची मी पन्नासेक घेतली असेल. नाण्यांची ही पहिली आणि शेवटची.

मंगळवारी अकरा वाजता चौकीतल्या टेबलावर पांढरा कपडा घातला. त्यावर काकांनी चाळीस नाणी रांगेत मांडली, सगळी पितळी, सगळी चौकोनी भोकाची. दोन पंच बोलावले. त्यांतले एक कसब्यातले तांब्याची भांडी करणारे कारागीर, ते कोणत्याही पंचनाम्याला हातोडी खाली ठेवून यायचे. बंधू भिंतीकडच्या बाकावर बसले. हवालदारानं दार ओढून घेतलं आणि गंभीर आवाजात म्हणाला, "कुणी जागा बदलायची नाही." हे त्यानं नाण्यांना सांगितलं की पंचांना, कळलं नाही.

बाईंनी चष्मा लावला. पहिलं नाणं उचललं, ठेवलं. दुसरं. सातव्याला थांबल्या. "हे माझं." मग पुढचं. "हे." शाळेत हजेरी घेतात तशा त्या नाणी वेगळी काढत होत्या.

"बाई, कशावरून ओळखलं, ते सांगावं लागेल. पंचनाम्यात येतं."

"दोन्ही बाजू गुळगुळीत आहेत, बघा. आणि भोकाच्या कोपऱ्यात बघा. लाल दिसतं?"

भिंग धरलं. चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक, वाळलेला लाल कण.

"कुंकू आहे ते," बाई म्हणाल्या. "बाबांनी नाणी आणली तेव्हा आमच्या घरात देव्हारा होता. आईला वाटलं, परमुलखातनं नवरा जिवंत आला तो यांच्यामुळं. तिनं टाकांच्या शेजारी ही मांडली. दर दसऱ्याला हळदकुंकू. मग छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. आईनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. मी बरोबर होते. नाण्यांपाशी मात्र हात थांबला. म्हणाली, हे देव नाहीत, हे माझ्या माणसाचं आहे. पण त्यांवर कुंकू होतं. मग तिनं चिंच आणि राख घेतली आणि दिवसभर घासत बसली. कुंकवाचा कण राहता कामा नये. कुंकू गेलं, त्याबरोबर अक्षरंही गेली. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून तिनं पुन्हा कधी ती घासली नाहीत."

नाणेवाले काका टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. पन्नास वर्षं नाणी हाताळलेला माणूस; झिजलेल्या नाण्याला तो कपाळ म्हणाला होता.

सहा नाणी झाली. राहिलं सातवं, अक्षरांचं. तशी काकांची स्वतःची वीसेक होती. बाईंनी अक्षरवाल्यांतलं एक उचललं, कडेवर अंगठा फिरवला, आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

"हे?" मी विचारलं.

"हे माझं नाही."

"म्हणजे या सातांतलं नाही?"

"सातांतलं आहे. माझं नाही." त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. "त्याचं आहे."

पंच कारागिरांनी पुढं वाकून नाणं हातात घेतलं. "साहेब, कडेला डाख दिलाय इथं. कडी होती बारकी, तुटलीय. काम आमच्याच आळीतलं दिसतंय."

"कडी होती," बाई म्हणाल्या. "हा झाला तेव्हा बाबा नव्हते. बाळाला बापाचा हात लागायला हवा, असं आई म्हणाली. तिनं एका नाण्याला कडी बसवून घेतली आणि याच्या करगोट्यात ओवलं. तीन वर्षं याच्या कमरेला होतं. आई बाकीची घासत बसली त्या दिवशी हे याच्या अंगावर होतं, म्हणून या नाण्याची अक्षरं राहिली."

बंधू बाकावरून उठले होते. परेडमध्ये कुणी उठायचं नसतं. हवालदारानं त्यांना बसवलं नाही.

"ताई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही."

"एकदाही नाही."

"आई गेली तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, हे त्याला दे. मी म्हटलं देईन. बाबांचं माझ्याकडं काय होतं, तर आठवण. ती कुणाला दाखवता येत नाही. तुझ्या वाट्याची ही वस्तू होती. दोन्ही माझ्याकडेच असाव्यात असं वाटलं." त्या मास्तरणीच्या आवाजात बोलत होत्या, आणि तोच आवाज मध्येच तुटला. "आणि तुला सांगितलं असतं ना, तर मला वाटायचं, माझ्याकडचे बाबा कमी होतील. फार नाहीत रे. मी नऊ वर्षांची होते. सगळे मिळून पाच-सहा प्रसंग आहेत."

नाणेवाले काका खाकरले. अशा वेळी काहीतरी काम हातात असलेला माणूस भाग्यवान. त्यांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि नाण्यावरची चार अक्षरं वरची, खालची, उजवी, डावी अशी वाचली. जपान नाही, चीनही नाही. अक्षरं चिनी वळणाची, पण नाणं आजच्या व्हिएतनामचं. तिथल्या शेवटच्या राजाच्या नावाचं. युद्ध संपलं तेव्हा तिथल्या बाजारांत हीच चालत. "पलटणीतला माणूस खिशात हे घेऊन आला, म्हणजे तिथल्या बाजारात उभा राहिला असणार," काका म्हणाले. "काहीतरी घेतलं असणार आणि सुटे परत मिळाले असणार."

बाईंनी ते नाणं बोटांत फिरवलं. मग म्हणाल्या, "बाबा सांगायचे, तिकडं बाया सुपासारख्या टोप्या घालतात आणि नावेतून भाजी विकायला येतात. मी आयुष्यभर पोरांना जपान म्हणून शिकवलं ते."

"तेच ते," काका म्हणाले.

"आणखी काय सांगायचे?" बंधूंनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते जुनं उत्तर येणार. त्या म्हणाल्या, "घरी चल. सांगते."

सही झाली नाही. पावत्या दोन केल्या: सहा नगांची एक, एका नगाची एक. अर्ज निकाली काढताना शेरा लिहायचा असतो. मी लिहिलं, 'वस्तू घरातच मिळून आली.' पूर्ण खरं नव्हतं. पण त्या कारकुनाइतका मी नेटका कधीच नव्हतो.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एवढंच, की खात्यात जो आधी चौकीत येतो तो फिर्यादी ठरतो. ज्याचं आधी गेलेलं असतं तो पुष्कळदा दारातही येत नाही. त्यानंतर दोघेजण समोर आले की मी दुसऱ्यालाही विचारायचो, तुमचं काही हरवलंय का? हवालदार कपाळाला हात लावायचा. पण उत्तरं मिळायची. आता विचारायला चौकी नाही, आणि सकाळी अकरा वाजता हात रिकामे असतात, तेव्हा ते टेबल फार आठवतं.

गेल्या हिवाळ्यात मंडईत मटार निवडत होतो, तर कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. खिशाला शाईचं पेन. ताई बऱ्या आहेत, म्हणाले, ऐकायला कमी येतं. मग नारळाच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "आमचे बाबा ना साहेब, नारळ हलवून पाणी ऐकायचे. असा कानाशी धरून. आणि हसायचे तेव्हा आधी डावा डोळा मिटायचा. तिकडच्या एका म्हातारीनं त्यांना भाताची पेज दिली होती, तिचं ते नेहमी नाव काढायचे. मला खांद्यावर घेऊन नदीवर जायचे, आणि…"

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

कायद्यानं ऐकीव साक्ष चालत नाही. मी मटाराची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणालो, "मग? नदीवर काय करायचे?"

त्यांनी पुढं सांगितलं.